गाडीला आवाजच नाही

आमच्या गाडीचा आरसा माझ्या तोंडावर लावलेला असायचा. म्हणजे ड्रायव्हरच्या डोक्यावर, काचेच्या मधोमध, मागचा रस्ता बघायला जो आरसा असतो ना, तो. त्यात रस्ता दिसायचा नाही, मी दिसायचे. मागच्या सीटवर बरोबर मध्ये बसलेली, मांडीवर पिशवी घेऊन. आमच्या ह्यांनी गाडी आणली त्याच दिवशी तो आरसा फिरवून माझ्यावर धरला आणि वरून मलाच दम दिला, "हालू नको हां उषे, नहीतर माले मांगनं काही दिसाव नही."

हसू येतंय ना? हसा. पण आधी खात्यातली रीत ऐका, मग हसा.

खातं म्हणजे आमच्या सुरतेत लूमचा कारखाना. ह्यांनी, म्हणजे सुकदेव पाटलांनी, त्यात एकतीस वर्षं काढली. पत्र्याखाली साठ-सत्तर मशीनं एकदम खडखडतात. तिथे बोलून काही उपयोग नाही, घसा फाटला तरी शेजारच्याला ऐकू जात नाही. ओठांकडे बघून ओळखायचं आणि हातांनी सांगायचं. दोन बोटं जोडून झटक्यात तोडली की समजायचं तार तुटली, म्हणजे धागा तुटला, मशीन बंद कर. मिशीला पीळ दिला की शेठ आला. अंगठा ओठाला लावला की चहा. मीही सहा वर्षं तिथे सुताच्या कांड्या भरल्या, मला ही भाषा मराठीपेक्षा चांगली येते.

आणि एक नियम सगळ्यात मोठा. कारागिराने मागे वळायचं नाही. पाठीमागे मशीन चालू असतं, वळला की सदऱ्याचं टोक आत जातं आणि मागोमाग माणूस. म्हणून समोरचा तुमचं मागचं बघतो, तुम्ही त्याचं मागचं बघता, आणि दोघं एकमेकांच्या तोंडाकडे. आता मला सांगा, ह्या माणसाने आरसा बायकोवर नाही लावायचा तर कुठे लावायचा?

मी मागच्या काचेतून बघायचं, मग पुढे तोंड करून आरशात सांगायचं. मोटरसायकल असली तर एक बोट. रिक्षा असली तर तीन. ट्रक किंवा बस असली तर मिशीला पीळ, म्हणजे मोठा माणूस आलाय, वाट दे. असं चार महिने चाललं होतं आणि देवाच्या कृपेने एक स्कूटर सोडली तर कशालाही धक्का लागला नव्हता. ती स्कूटरही उभी होती.

खरी गोष्ट आता सांगते. ह्यांना ऐकू येत नाही.

घरातल्या पुरुषाला ऐकू येत नाही हे बायकोला लवकर कळत नाही. आधी कितीतरी वर्षं वाटतं की ऐकत नाही. मला कळलं ते दोन वर्षांपूर्वी. कुकरच्या सात शिट्ट्या झाल्या, हे गॅससमोर पाटावर बसलेले, डाळीचा कोळसा झाला आणि मला विचारतात, "शिट्टी व्हयनी का?" मी गॅस बंद केला आणि त्यांच्या तोंडाकडे बघितलं. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. म्हणाले, "कोणाले सांगू नको. हर्षदाले नको. आणि नानाले तर मरेपर्यंत नको."

हर्षदा आमची लेक, आणि नाना म्हणजे माझे मोठे दीर, हेमराज. त्यांनीच ह्यांना अमळनेरकडच्या गावाहून सुरतेत आणलं. दोघं भाऊ समोरासमोरच्या मशीनवर होते. तीन वर्षांत नाना कंटाळले, कडोदऱ्याला किराणा दुकान टाकलं आणि ह्यांना म्हणाले, "सोड हे. बहिरा होशील." हे तरुण होते, रक्त गरम होतं. सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाले, "मना कान शेतस, मी दखी लिसू!" म्हणजे कान माझे आहेत, माझं मी बघून घेईन. त्यावरून दोघांत दोन वर्षं बोलणं बंद होतं. पुढे बोलायला लागले, पण नानांनी प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात विचारायचं, "काय सुकदेव, कान कसे शेतस?" आणि ह्यांनी छाती काढून सांगायचं, "बेस शेतस!" असा हा हट्टी वंश आहे. मी त्यात येऊन पडले.

आता गाडीचं ऐका. जुनीच आहे, चौथ्या मालकाकडून आम्ही घेतली. चालू केली की दरवाजे थरथरतात, बॉनेट आपटतं, खाली काहीतरी लोंबतं ते घासतं. कोसाडच्या आमच्या आवास वसाहतीत ए ब्लॉकमधली गाडी सुरू झाली की एफ ब्लॉकमधल्या बायका कपडे काढायला गच्चीवर जातात, त्यांना वाटतं आभाळ गडगडलं. आणि हे स्टिअरिंगवर हात ठेवून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "सेकंड शे, पण बघा, आवाजच नही हिले!"

सुपडूभाऊ खालच्या मजल्यावर राहतात, तेही खात्यातलेच. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी हात जोडले. लगेच म्हणाले, "हो ना भाऊ! एकदम शांत." तेव्हापासून सगळा ब्लॉक म्हणायला लागला, एकदम शांत. कोणी एक शब्द फोडला नाही.

हॉर्नचं तर विचारूच नका. ह्यांना वाटलं हॉर्न बंद आहे. चेतन गॅरेजवाल्याकडे नेली, त्याने दाबून दाखवला, ह्यांनी मान हलवली, "कमी शे." त्याने दुसरा लावला. "कमी शे." तिसऱ्या वेळी पोरगा वैतागला आणि त्याने ट्रकचा हॉर्न बसवला. तो वाजला तेव्हा गॅरेजवरची सगळी कबुतरं उडाली. हे म्हणाले, "आते जराखा बरा शे." इंडिकेटरची टिकटिक, सीटबेल्टची पीं-पीं, दरवाजा उघडा राहिल्याची टुंग-टुंग, ह्यातलं काहीच त्यांच्यापर्यंत पोहोचायचं नाही. डावा इंडिकेटर एकदा कोसाडहून निघाला तो अमरोलीच्या बाजारातून भाजी घेऊन परत येईपर्यंत डावाच होता. मी डोळे मिचकावून खूण करत होते. हे आरशात लाजले.

माझी मुलगी हर्षदा कतारगामला हिऱ्याच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसते. सकाळी आठला जाते, रात्री आठला येते. तिने मोटर स्कूलमध्ये शिकून मागच्या महिन्यात पक्कं लायसन्स काढलं. स्कूटरची तक्रार तिच्या कानावर गेली आणि नेमकं त्याच आठवड्यात नानांच्या नव्या घराची घरभरणी आली. हे म्हणाले, आपल्या गाडीने जायचं. नानाच्या दारात स्वतःची गाडी उभी करायची, ह्या एका गोष्टीसाठी त्यांनी ती घेतली होती, हे मला न सांगताच कळत होतं.

हर्षदा म्हणाली, "चालेल. पण मी पुढे बसणार. पप्पांची एक जरी मोठी चूक दिसली ना, चावी माझ्याकडे. आणि नानांसमोर गाडी मी घेऊन जाणार. बोलो, मंजूर?"

हे ओठ बघून म्हणाले, "मंजूर." चावी गेली तर गेली, पण कशी गेली हे विचारल्यावर नानांना काय सांगायचं?

रविवारी सकाळी नऊला निघालो. मी मध्ये, आरसा माझ्यावर, पिशवीत नारळ आणि जाऊबाईंची साडी. हर्षदाला ऑफिसचा फोन आला म्हणून ती त्यात गुंतली होती, मी मनातल्या मनात त्या ऑफिसला आशीर्वाद दिला. अमरोली गेलं, तापीचा पूल गेला. एक बोट, तीन बोटं, मिशी. हे झकास चालवत होते. खरं सांगते, हात फार छान आहे त्यांचा. पाय क्लचवर अलगद, घाई नाही, ओव्हरटेक नाही. मला अभिमान वाटत होता आणि घामही फुटला होता.

कतारगामच्या सिग्नलला घोटाळा झाला. हिरवा लागला तरी हे पुढच्या रिक्षावरचं काहीतरी वाचत बसले. मागे बस, तिचा हॉर्न एकसारखा. मी मिशीला पीळ दिला. दिसेना. जोरात पीळ दिला, दोन्ही हातांनी, दोन्ही बाजूंना. तेवढ्यात खिडकीवर टकटक. बाहेर ट्रॅफिक पोलीस उभा, आणि त्याला ही एवढी मिशी!

"शुं थयुं बेन?" तो म्हणाला. "कोने मूछ बतावो छो?"

"तुम्हाला नाही हो साहेब," मी म्हटलं. "मागे बस आहे."

"बसने मूछ बतावो छो?"

हर्षदा फोन खाली ठेवून वळून माझ्याकडे बघत राहिली. माझे दोन्ही हात अजून ओठांवरच. ह्यांना पोलीस दिसला, काहीतरी विचारतोय एवढं कळलं. सगळे विचारतात तेच विचारत असणार असं त्यांनी धरलं. काच खाली करून हसत म्हणाले, "साहेब, सेकंड छे. पण आवाज ज नथी!"

पोलिसाने गाडीकडे बघितलं. बॉनेट आपटत होतं, दरवाजे थरथरत होते. पोलिसाने परत ह्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी मान खाली घातली. "जाव काका," तो हळूच म्हणाला. "जाव, धीमे धीमे."

सिग्नल ओलांडल्यावर हर्षदाचं लक्ष आरशाकडे गेलं. "मम्मी, हा आरसा तुझ्यावर का आहे?"

"मी सुंदर दिसते म्हणून."

"मम्मी, मस्करी नको. मागचं काही दिसत नाही ह्यात! मोटर स्कूलमध्ये पहिल्या दिवशी शिकवतात, आधी आरसा, मग चावी." आणि तिने हात वर करून आरसा फिरवला. मी त्यातून निघून गेले.

ह्यांनी वर बघितलं. तिथे मी नव्हते. त्यात आता गाड्या होत्या, रस्ता होता, सगळं होतं, पण त्या आरशात रस्ता बघायची सवयच त्यांना नव्हती. दोनदा बघितलं, मग सोडून दिलं. हट्टी माणूस, लेकीसमोर आरसा परत फिरवेल कसा! सरळ पुढे नजर लावून चालवत राहिले. ठोका तरी त्यांना जाणवेल म्हणून मी मागे पायाने गाडीचा तळ ठोकून बघितला, तर हर्षदा म्हणाली, "मम्मी, शांत बस ना." सहारा दरवाजा गेला, पर्वत पाटिया गेलं. मी मारुतीला नारळ बोलले.

सारोलीच्या पुढे रस्त्याचं काम चालू होतं. एकच पट्टी उरलेली. उजवीकडे पत्रे, डावीकडे साड्यांचे ताके भरलेले टेम्पो. आम्ही मधून चाललो होतो आणि मागून सायरन आला.

ॲम्ब्युलन्स. अगदी पाठीला लागून.

हर्षदा म्हणाली, "पप्पा, साईड द्या." हे चालवतायत. "पप्पा! डावीकडे घ्या!" हे चालवतायत. पुढे टेम्पोंमध्ये जागा दिसली, ती गेली. मग दुसरी दिसली, तीही गेली. सायरन असा बोंबलत होता की माझे दात दुखायला लागले, आणि हे लेकीकडे एक ओझरती नजर टाकून खुशीत म्हणतात, "दखं हर्षदा, कशी शांत चालनी!"

हर्षदाने तोंडावर हात ठेवला. तिला कळलं. त्या क्षणी तिला सगळं कळलं, मी ते बघितलं.

चार महिने आम्ही मोटरसायकलची खूण ठरवली, रिक्षाची ठरवली, बसची ठरवली. ॲम्ब्युलन्सची ठरवलीच नव्हती. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. मी पट्टा सोडला, दोन सीटच्या मधून पुढे घुसले आणि ह्यांच्या नाकासमोर हात नेऊन दोन बोटं जोडून झटक्यात तोडली.

तार तुटली.

एकतीस वर्षांत तार तुटली म्हटल्यावर ह्या माणसाने कधी 'का' म्हणून विचारलेलं नाही. हात आपोआप चालला. डावा इंडिकेटर, डाव्या आरशात एक नजर, दोन टेम्पोंच्या मधे गाडी आत, ब्रेक, हँडब्रेक, चारही दिवे लुकलुक. सगळं एका दमात, एक धक्का नाही. ॲम्ब्युलन्स शेजारून निघून गेली, तिचा लाल उजेड ह्यांच्या तोंडावरून फिरला.

ह्यांनी ती बघितली. पार लांब जाईपर्यंत बघितली. मग विचारलं, "किती येळ व्हती मांगे?"

मला रडू फुटलं. त्या गाडीत कोणाची तरी आई असेल, कोणाचं लेकरू असेल, आणि मी ह्या माणसाची लाज झाकत बसले होते. चूक ह्यांची नव्हती, माझी होती. मी स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली, खरंच मारली, पिशवीतला नारळ खाली घरंगळला.

"मम्मी, पप्पांना ऐकू येत नाही?" हर्षदाने विचारलं. "कधीपासून?"

"दोन वर्षं. जास्तही असेल."

"दोन वर्षं!" तिचा आवाज फुटला. "अगं, नोकरी लागली तेव्हा मी स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलं. पप्पा टीव्हीच बघत राहिले. मला वाटलं, त्यांना काही पडलेलीच नाही. दोन वर्षं मी त्यांच्यावर रुसलेय, मम्मी, आणि त्यांना तेही माहीत नाही!"

हे आमच्या दोघींचे ओठ बघत होते. इकडून तिकडे, तिकडून इकडे. किती समजलं कोण जाणे. त्यांनी गाडी बंद केली, चावी काढली आणि हर्षदाच्या हातावर ठेवली. तिने मूठ मिटली नाही. मग त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "उषे, खरं सांग. हिले आवाज शे का?"

आता खोटं बोलायची ताकद माझ्यात नव्हती. "आहे," मी म्हटलं.

"किती?"

"पत्र्याच्या डब्यात खिळे भरून हलवले तर होईल तितका."

"आणि हॉर्न?"

"ट्रकचा आहे. ब्लॉकमधली तान्ही पोरं दचकून उठतात."

मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत, बघते तर हसत होते. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, ते मात्र लवकर थांबेना. "म्हणजे सगळं कोसाड माले हसस," ते म्हणाले.

"कोणी हसलं नाही," मी म्हटलं. ओठ नीट हलवून, दोनदा म्हटलं. "एक माणूस हसला नाही."

हर्षदाने नाक पुसलं. ती सीटवर अख्खी वळून बसली, म्हणजे तिचं तोंड ह्यांना समोर दिसेल. "पप्पा, उद्या कानाच्या डॉक्टरकडे जायचं. ते हो म्हणाले तर परत तुम्हीच चालवायची. आमचे मोटर स्कूलचे सर सांगतात, कमी ऐकू येणारेही नीट चालवतात. पण आरसे तिन्ही रस्त्यावर लावून, आणि दर दोन मिनिटांनी त्यात बघून. बायकोवर लावून नाही."

"मंग तुनी माय कथी बसी?"

"पुढे. तुमच्या शेजारी."

ह्यांनी थोडा विचार केला. "मांगे कोण बघी?"

"तुम्ही, पप्पा!"

मग जागा बदलल्या. हर्षदा स्टिअरिंगवर बसली, आधी सीट पुढे घेतली, तिन्ही आरसे लावले, पट्टा लावला, मग चावी फिरवली. हे डावीकडे बसले, मी मागे. अर्ध्या मिनिटात ह्यांनी तिचा दंड धरला. "थांब. हँडब्रेक वरे शे." खरंच वर होता. त्यांनीच लावला होता, आणि ती तसाच ओढत निघाली होती. "तळपायले कळस," ते म्हणाले. मोटर स्कूलवाली लाल झाली, मला बाई जरा बरं वाटलं.

कडोदऱ्याला पोहोचलो तेव्हा नानांच्या गल्लीतली सगळी माणसं बाहेर आली होती. आमच्यासाठी नाही, आवाजासाठी. मांडवातून भटजीसुद्धा डोकावले. नाना नव्या कोऱ्या धोतरात दारात उभे. त्यांनी गाडी बघितली, स्टिअरिंगवर हर्षदा बघितली, शेजारी बसलेले हे बघितले. ओठांवर ते नेहमीचं हसू आलंच.

हे उतरले. मी लगबगीने पुढे झाले, काहीतरी सांगून वेळ मारून न्यावी म्हणून. ह्यांनी मला हाताने बाजूला केलं. नाना तोंड उघडत होते, प्रश्न कोणता ते सगळ्या पाहुण्यांना पाठ होतं.

"गाडी बेस शे, नाना," हे आधीच बोलले, आणि खात्यात घसा फाडावा तेवढ्या मोठ्याने बोलले, त्यामुळे गल्लीभर ऐकू गेलं. "आवाज भलता करस म्हणे. माले ऐकू येस नही."

नानांचं तोंड उघडंच राहिलं. ते हसू गेलं, आणि त्याच्या जागी काय आलं ते मी आजवर त्यांच्या तोंडावर बघितलं नव्हतं. इतकी वर्षं ते ह्याच उत्तराची वाट बघत होते, आणि आता त्यांना ते नको होतं.

नाना पायऱ्या उतरून आले. ह्यांच्या अगदी समोर, खात्यात उभे राहायचे तसे उभे राहिले. हात वर केला आणि अंगठा ओठाला लावला.

ह्यांनीही लावला. मग दोघं भाऊ चहा प्यायला आत गेले.